आतल्या कार्डाचा रिकामा रकाना

सोमवार, ६ जानेवारी

आज एकदाचं ते काम हातावेगळं केलं. अंतर्गत ऑडिटमध्ये मोहिते साहेबांनी लाल पेनाने जिथे जिथे "रकाना रिकामा ठेवू नये" लिहिलं होतं, ते सगळे रकाने भरले. एकोणीस फॉर्म. स्टोअरच्या रजिस्टरात "लागू नाही", गेजच्या यादीत "लागू नाही", सफाईच्या तक्त्यातसुद्धा "लागू नाही". हात भरून आला. पण कंपनीची कागदपत्रं सांभाळते ती मी, रिकामा रकाना दिसला की मलाच खाज सुटते.

शेवटी राहिला सर्व्हरचा कागद. माझ्याआधी सर्व्हर सांभाळणाऱ्या पाठक सरांनी निवृत्त होताना करून दिलेला. सर्व्हरमध्ये दोन नेटवर्क कार्डं. एकात बाहेरून इंटरनेट येतं, दुसऱ्यातून ते आतल्या बावीस कॉम्प्युटरना वाटलं जातं. कागदावर दोन्ही कार्डांचे आकडे. बाहेरच्याचे सगळे रकाने भरलेले, आतल्याचा एक रिकामा. गेटवे. सर एवढे काटेकोर, त्यांच्या हातून हा कसा राहिला कोण जाणे.

नुसतं कागदावर लिहून चालत नाही, मशीनमध्येही तेच हवं, नाहीतर ऑडिटर पकडतो. म्हणून सर्व्हर उघडला. तिथे "लागू नाही" लिहून बघितलं तर तो फक्त आकडे घेतो. मग बाकीच्या बावीस कॉम्प्युटरच्या त्या रकान्यात जो एकच आकडा आहे, तोच घातला. कसलीशी लांबलचक इंग्रजी सूचना आली, खाली हो की नाही. हो म्हटलं. रिव्हिजन एक, आजची तारीख, सही. फाईल बंद.

मंगळवार, ७ जाने.

साडेअकराला डिस्पॅचमधून लोखंडेचा फोन. "मॅडम, नेट झोपलं."

गाडी भरून उभी. चाकणच्या कस्टमरच्या पोर्टलवर गाडीची नोंद झाल्याशिवाय त्यांचं गेट उघडत नाही. म्हणजे आम्ही बनवलेले ब्रॅकेट तळवड्यातच शोभेला. जिन्याखालच्या खोलीत गेले, सर्व्हर बंद केला, वीस मोजले, चालू केला. आलं. लोखंडे म्हणतो, मॅडम तुमच्या हाताला गुण आहे. दुपारभर हवेत होते.

घरी नवऱ्याला, संतोषला सांगितलं. तो चाकणला लाईनवर सुपरवायझर, त्यांच्या प्लँटमध्ये असल्या कामाला आठ माणसांचं आख्खं खातं. म्हणाला, "बंद करून चालू करणे याला गुण म्हणत नाहीत गं."

असू दे. जळतो.

बुधवार, ८ जाने.

दोनदा गेलं. दोन्ही वेळा बंद-चालू. दुसऱ्यांदा वीस मोजून आलं नाही, चाळीस मोजावे लागले.

इंटरनेटवाल्यांना फोन. "मॅडम, आमच्याकडून सिग्नल ओके आहे, तुमच्या साईडने बघा." यांच्या साईडने कधी काही नसतंच.

शुक्रवार, १० जाने.

काल गुरुवारची साप्ताहिक सुट्टी, विसरलेच होते सगळं. आज आल्या आल्या नेट गेलेलं.

पाठक सरांना फोन करायचा मोह झाला. केला नाही. ऑगस्टमध्ये निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "महिन्याभरात फोन येईल हिचा." मी म्हटलं होतं, येणार नाही. पाच महिने झाले. आता गुहागरला बसून ते काजू वाळवत असतील, त्यांना काय आयतं हसू द्यायचं.

स्वतःच शोधायचं ठरवलं. दोन्ही वायरींवर सरांनी पांढऱ्या पट्ट्या लावल्यात, एकीवर "आत", एकीवर "बाहेर". मी स्क्रीनसमोर बसले आणि आमचे इलेक्ट्रिशियन शिंदेभाऊ मागे वाकून उभे. त्यांना म्हटलं, बाहेरची वायर काढा. काढली. दोन मिनिटांत मशीनच्या शेडमधून, म्हणजे प्रेस शॉपमधून आरडाओरडा, सगळ्यांचे स्क्रीन गेले.

"भाऊ, बाहेरची म्हटलं होतं."

"बाहेरचीच काडली की ताई. बाहेर म्हंजी शॉप. हापिसातून बघितलं तर शॉप बाहेरच हाय न्हवं?"

पट्टी बघितली का, विचारलं. तर म्हणे चष्मा वर राहिला. दोघं हसत बसलो. शिंदेभाऊ तळवडे गावातलेच, कंपनी यायच्या आधी इथे त्यांचं ज्वारीचं रान होतं, त्यामुळे आत काय आणि बाहेर काय हे त्यांनी सांगायचं, मी ऐकायचं.

नेट सापडलं नाही ते नाहीच.

शनिवार, ११ जाने.

आज डिस्पॅच माझ्या मोबाईलवर चाललं. मोबाईलचं नेट लोखंडेच्या कॉम्प्युटरला जोडून दिलं. आमच्या शेडमध्ये रेंज एवढीशी, फोन आला की नेट तुटतं. आईने लातूरहून चार वेळा फोन केला, तिळाचे लाडू कडक झाले की मऊ हे सांगायला. चारही वेळा गाडी अडकली. लोखंडे हात जोडून म्हणाला, "मावशींना सांगा, लाडू जमलेत, पण गाडी जाऊ द्या."

संध्याकाळी मोहिते साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. काय भानगड आहे विचारलं. मला खरं म्हणजे काहीच माहीत नव्हतं. पण साहेब चष्म्यावरून बघायला लागले की माझ्या तोंडून काहीतरी निघतंच. म्हटलं, "वायर असेल, सर. शिंदेभाऊंनी टाकलेली जुनी आहे, कॉम्प्रेसरला घासून जाते."

घासून जाते हे खरं आहे. बाकीचं माझ्या मनाचं. बोलून गेले आणि वाईट वाटलं.

सोमवार, १३ जाने.

मो. सा. आज स्पष्टच बोलले. २९ तारखेला कस्टमरचं ऑडिट. तोवर नेट नीट झालं नाही तर सर्व्हर, कॉम्प्युटर सगळं बाहेरच्या एजन्सीला. "तुम्ही तुमचे फॉर्म सांभाळा, जाधव मॅडम. त्यात तुमचा हात कोणी धरत नाही."

कौतुक होतं का टोमणा, कळलं नाही.

जिन्याखालच्या त्या खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये असते. खोली कसली, कपाट म्हणा. उभं राहिलं की डोकं जिन्याला लागतं. पण आख्ख्या कंपनीत साहेबांची केबिन सोडली तर एसी तिथेच. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या सह्यांचे कागद लावतेय, माझ्या हातात आलेली ही पहिली किल्ली. पाठक सर गेले तेव्हा मीच हात वर केला होता. पाच महिने यूट्यूब बघून शिकले. ती किल्ली परत द्यायची मला अजिबात इच्छा नाही.

मंगळवार, १४ जाने. संक्रांत

तिळगूळ वाटला. नेट दिवसभर होतं, तेही गोड बोलायला शिकलं.

मो. सा. नी शिंदेभाऊंना सांगितलं, गुरुवारी सुट्टीच्या दिवशी सर्व्हरपासून शॉपपर्यंत सगळी वायर नवीन टाका. मी तिथेच होते. भाऊंनी माझ्याकडे बघितलंही नाही, साहेबांना एवढंच म्हणाले, "व्हय साहेब, टाकतो."

नंतर जिन्यापाशी मला म्हणाले, "ताई, माज्या वायरीला आजवर एक जॉइंट न्हाई. पर जुनी झाली असंल. तुमी म्हनता म्हंजी असंल."

तुम्ही म्हणता म्हणजे.

गुरुवार, १६ जाने.

सुट्टी असून गेले. थेरगावहून निघताना डांगे चौकात गजरा घेतला, म्हटलं निदान आपण तरी सुट्टीसारखं दिसावं.

भाऊ सकाळी आठपासून शिडीवर. भिंतीवरच्या पट्टीत वायर एकदम सरळ, कॉम्प्रेसरपासून हातभर लांब. मी खालून वायर सोडत होते. दुपारी डबा खाताना कळलं की आजच त्यांच्या गावच्या यात्रेची बैलगाडा शर्यत. त्यांचा बैल, नाव लाडक्या, पहिल्यांदाच शर्यतीच्या घाटात पळणार होता. पुतण्याने जुंपला.

"मग तुम्ही गेला का नाही?"

"साहेबांनी गुरुवार सांगितला. बैल काय, पुन्यांदा पळंल."

जिन्याखाली रेंज नाही. चारला बाहेर जाऊन त्यांनी व्हिडिओ बघितला, मलाही दाखवला. धुरळा आणि आरडाओरडा, बैल दिसतसुद्धा नाही. त्यांच्या बारीचा पहिला नंबर. भाऊंनी तो व्हिडिओ सहा वेळा लावला आणि मग मोबाईल खिशात घालून परत शिडीवर चढले.

शुक्रवार, १७ जाने.

नेट मस्त. सर्व्हर काल बंद होता, सकाळी चालू केला आणि एकदाही अडखळला नाही. नऊच्या मीटिंगला मो. सा. नी सगळ्यांसमोर शिंदेभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. टाळ्या. लोखंडेने नवीन वायरीच्या नावाने नारळ फोडला, खोबरं सगळ्यांना. भाऊ लाजून लाजून लाल.

मीही जोरात टाळ्या वाजवल्या. वायरच होती की. उगीच मनाला लावून घेत होते.

मंगळवार, २१ जाने.

गेलं. साडेदहाला, पावणेबाराला, तीनला.

कँटीनमध्ये लोखंडे म्हणाला, "भाऊ, आमचा नारळ परत करा." सगळे हसले. लोखंडे मनाचा वाईट नाही, पण तोंडाला झाकण नाही. भाऊंनी डबा अर्धा ठेवून झाकला आणि उठले. नंतर बघितलं तर शिडी लावून एकेक जोड तपासत होते. कालपर्यंत ज्या वायरीकडे मान वर करून बघायचे, तिच्याकडे आज संशयाने बघत होते. मला ते बघवेना.

मो. सा. फक्त म्हणाले, "आठ दिवस." एजन्सीचा माणूस कोटेशन देऊन गेला म्हणे.

बुधवार, २२ जाने.

सापडलं.

लिहितानासुद्धा कान गरम होतात.

ऑडिटसाठी जुन्या रिव्हिजनच्या कागदांवर "रद्द" शिक्के मारत बसले होते. माझं रोजचं काम, झोपेत करेन. सर्व्हरचा कागद आला. रिव्हिजन शून्य, पाठक सरांचा, आतल्या कार्डाचा गेटवे रिकामा. त्याच्यावर शिक्का. खाली रिव्हिजन एक, माझा, तो रकाना भरलेला. तारीख ६ जानेवारी.

नेट पहिल्यांदा कधी गेलं? मोबाईलमध्ये लोखंडेचा कॉल बघितला. ७ जानेवारी.

अठरा वर्षं लोकांना सांगतेय, काही बिघडलं की आधी बघा काय बदललं आणि कधी. ते लिहून ठेवण्याचा पगार घेते. आणि माझ्याच सहीचा कागद सोळा दिवस माझ्याच कपाटात होता.

खोलीत गेले, तो आकडा पुसला, रकाना रिकामा करून ओके दाबलं. मग दार लावून पाठक सरांना फोन लावला. मान गेला तर जाऊ दे.

"अगो, पाच महिने टिकलीस," सर म्हणाले. "मी तर बायकोला चार सांगितले होते."

त्यांना सगळं सांगितलं. हसता हसता त्यांना ठसका लागला. मग नीट समजावलं. सर्व्हरला बाहेर जायचं दार एकच हवं, बाहेरच्या कार्डाकडचं. मी आतल्या भिंतीवर दुसरं दार रंगवून ठेवलं. कधी तो खऱ्या दाराने जायचा, कधी रंगवलेल्यावर जाऊन आपटायचा. बंद करून चालू केला की नशिबाने खरं दार सापडायचं, म्हणून वाटायचं दुरुस्त झालं.

"तो रकाना मी मुद्दाम रिकामा ठेवला होता. तुला सांगायला हवं होतं. मला काय माहीत, तुला रिकामं बघवत नाही." मग विचारलं, "भरताना त्याने काही विचारलं नाही?"

विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं.

दिवसभर नेट हललं नाही.

गुरुवार, २३ जाने.

सुट्टी. घरी हळदीकुंकू, सोसायटीतल्या वीस-बावीस जणी. वाण म्हणून स्टीलच्या डब्या दिल्या. सगळ्या गेल्यावर संतोषला सांगितलं. त्याने शांतपणे उरलेले तीन लाडू संपवले.

"नेट चालतंय ना?"

"चालतंय."

"मग गप्प बस. वायर नवीन, नेट चालू, शिंदे खूश, साहेब खूश, किल्ली तुझ्याकडे. कोणाचं काय बिघडलं?"

काही बिघडलं नाही, खरंच. फक्त शिंदेभाऊंचा गुरुवार गेला. आणि त्यांची एकही जॉइंट नसलेली वायर बदनाम झाली. आणि नवीन वायरीवर कँटीन हसलं. हे सगळं मी साहेबांच्या केबिनमध्ये एका वाक्यात केलं, तेही चष्म्याला घाबरून.

शुक्रवार, २४ जाने.

आधी भाऊंना सांगितलं. साहेबांकडून कळलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

पॅनेलपाशी उभे होते. मी सगळं सांगितलं, रकाना, आकडा, हो म्हटलं ते, वायरीचं नाव घेतलं ते. त्यांनी हातातला टेस्टर खिशाला लावला.

"म्हंजी जुनी वायर चांगली व्हती."

"हो."

"आन नवीपन चांगली हाय."

"दोन्ही चांगल्या, भाऊ. मीच..."

"त्या दिशी माजा बैल पळाला," एवढंच म्हणाले आणि शॉपकडे गेले.

रडू आलं मला. खोलीत जाऊन एसीत बसले पाच मिनिटं.

दुपारी चहाला समोरासमोर आलो तेव्हा म्हणाले, "सरका जरा, मॅडम." मॅडम. सहा वर्षांत पहिल्यांदा. लोखंडे मॅडम म्हणतो, साहेब मॅडम म्हणतात, तेव्हा काही वाटत नाही.

शनिवार, २५ जाने.

मो. सा. नी व्हाय-व्हायचा फॉर्म भरायला सांगितला. गाड्या अडल्या म्हणून कस्टमरला कारण लेखी द्यावं लागतं, एकामागून एक पाच वेळा "का" विचारून. साहेब म्हणाले, वायर खराब होती असं लिहा, नवीन वायर सुरुवातीला सेट व्हायला वेळ लागला म्हणा, शिंद्यांची सही घ्या. त्यांनीच सगळं तयार करून दिलं. मला फक्त हो म्हणायचं होतं.

यावेळी म्हटलं नाही. टेबलावर बसून लिहिलं:

गाडी का थांबली? पोर्टलवर नोंद झाली नाही.
का? इंटरनेट गेलं.
का? सर्व्हरला बाहेर जायचे दोन रस्ते दिसत होते, त्यातला एक खोटा.
का? आतल्या कार्डात गेटवेचा आकडा भरला गेला.

"भरला गेला" खोडलं. "भरला" लिहिलं.

का? रकाना रिकामा दिसला म्हणून.

खाली "जबाबदार व्यक्ती". माझं नाव. "वायर" या शब्दापुढे लिहिलं, दोष नाही, जुन्यातही नाही, नव्यातही नाही.

संतोष म्हणतो सहावा का विचार. रकाने रिकामे ठेवू नका असं लाल पेनाने कोणी लिहिलं? मला हसू आलं. पण सहाव्याला जागा नाही फॉर्ममध्ये, आणि असती तरी विचारला नसता. साहेबांनी कागदाबद्दल लिहिलं होतं. मशीनमध्ये हात मी घातला.

फॉर्म साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवला. ते मोशीला गेले होते.

रविवार, २६ जाने.

झेंडावंदनाला सगळे. दोरी भाऊंच्या हातात, दर वर्षीसारखी. फुलं सुटली नाहीत. भाऊंनी हळूच झटका दिला, तरी नाहीत. दुसऱ्या झटक्याला सगळी फुलं बरोबर मो. सा. च्या डोक्यावर. गंभीर चेहरे करून राष्ट्रगीत म्हटलं. मी भाऊंकडे बघितलं तेव्हा त्यांच्या मिशा हलत होत्या. माझ्याकडे बघितलं आणि लगेच वर झेंड्याकडे.

जिलेबी घेताना साहेब फॉर्मबद्दल काही बोलले नाहीत. केसात एक पाकळी तशीच.

सोमवार, २७ जाने.

नेट: एकदाही गेलं नाही. सहावा दिवस.

सर्व्हरच्या कागदाचं रिव्हिजन दोन केलं. आता पंचाईत अशी, की मशीनमधला रकाना रिकामाच हवा आणि कागदावर रकाना रिकामा चालत नाही. अर्धा तास विचार केला. मग आतल्या कार्डाच्या गेटवेच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: "हा रकाना रिकामा ठेवणे." आता तो भरलेलाही आहे आणि रिकामाही. बदलाचं कारण या रकान्यात: आधीच्या बदलातली चूक. सही.

मो. सा. नी दुपारी बोलावलं. फॉर्म त्यांच्या समोर. वाचलेला होता, कोपरा दुमडला होता.

"हे असंच कस्टमरला द्यायचं?"

"खरं तेच आहे, सर."

"शिंद्यांना माहीत आहे?"

"आधी त्यांनाच सांगितलं."

चष्मा काढून पुसला. चष्म्याशिवाय साहेब आमच्या भाजीवाल्यासारखे दिसतात, आधी माहीत असतं तर अकरा तारखेला मी एवढी घाबरले नसते. म्हणाले, "एजन्सीवाल्याला मी बुधवारपर्यंत थांबायला सांगितलंय. ऑडिट होऊ दे, मग बघू." किल्लीचं काही बोलले नाहीत. मीही पर्सवर हात ठेवून बसले होते.

मंगळवार, २८ जाने.

उद्या ऑडिट. सगळ्या फाईली लावल्या, सातवा दिवस नेट व्यवस्थित.

चारला खोलीत सर्व्हरवरची धूळ पुसत होते. जिन्यावर पावलं वाजली, थांबली. दारातून शिंदेभाऊंचं डोकं आत आलं, चष्म्यासकट.

"ताई, त्यो रकाना रिकामाच हाय न्हवं?"

मी मान हलवली.

"आसूं द्या तसाच. येत्या गुरवारी लाडक्या परत पळतोय, चिखलीकडं. सायबांना आत्ताच सांगून आलोय, मी कुठल्या वायरीला हात लावनार न्हाई म्हनून." मग जाता जाता, "तुमी बी या दाजींना घेऊन. आनि हितं काय भरू नका तवर."

नक्की येते म्हटलं. एसी चालू होता तरी डोळे पुसायला पदर लागला.

निघताना ऑडिटच्या फाईलमध्ये व्हाय-व्हायचा फॉर्म परत आलेला दिसला. साहेबांनी ठेवला असणार. माझं नाव तसंच आहे, काही खोडलेलं नाही. सगळ्यात खाली "वरिष्ठांचा शेरा" हा रकाना. तिथे लाल पेनाचा एक ठिपका आहे. लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. बाकी रिकामा.

सवयीने पेन हातात घेतलं होतं. परत ठेवलं, फाईल बंद केली, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन घरी आले.